पंडिता रमाबाई : कोणाकोणासाठी बदलायचे?



दौंडहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की पाटस आणि कडेठाण मागे पडल्यावर केडगावचे स्टेशन लागते. शिरूरकडची मंडळी न्हावऱ्याच्या रस्त्याने चौफुल्याला उतरतात, तेथूनही केडगाव जवळच आहे. आपल्यापैकी कित्येकांनी त्या स्टेशनाची पाटी शेकडो वेळा वाचली असेल. तेथे एक मिशन आहे, अनाथ मुलींचा आश्रम आहे, एवढे आपल्याला माहीत असते. ते उभारणारी बाई पंडिता रमाबाई, हेही शाळेच्या पुस्तकात येऊन गेलेले असते. त्यापलीकडे आपण सहसा जात नाही.

तुम्ही विचाराल, धम्माच्या पाक्षिकात एका ब्राह्मण घरात जन्मलेल्या आणि ख्रिस्ती झालेल्या बाईचे चरित्र कशासाठी? कारण असे आहे. ज्या घरांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे त्या घरांतून एक प्रश्न कायम घोळत असतो. चारचौघांनी आपल्याला आपले म्हणावे म्हणून काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे? कोणी देव्हारा माळ्यावर ठेवतो आणि जुने पाहुणे आले की खाली काढतो. कोणी पुण्यात भाड्याची खोली बघताना आडनाव सांगायच्या वेळी घुटमळतो. कोणी साहेबाच्या घरच्या सत्यनारायणाला हात जोडून प्रसाद घेऊन येतो आणि रात्री मुलांकडून २२ प्रतिज्ञा पाठ करून घेतो. मी शाळेत शिकवतो. मुलेही हेच करतात, ज्या बाकावर बसायला मिळावे असे वाटते त्या बाकाची भाषा बोलू लागतात. यात कोणाला हसण्याचे कारण नाही. माया कोणाला नको असते? पण तिची किंमत मोजताना किती मोजायची याचा हिशोब ज्या थोड्या माणसांनी आयुष्यभर उघडपणे मांडला, त्यांत रमाबाईंचा क्रमांक फार वरचा लागतो. आणि तो हिशोब त्यांनी आपल्याच तालुक्याच्या मातीत संपवला.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवायला घेतले म्हणून त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला होता. रानात राहून त्यांनी बायकोला शिकवले आणि आईने मुलीला शिकवले. पुढे घरची जमीन गेली, कर्ज झाले आणि हे कुटुंब गावोगाव पुराणे सांगत हिंडू लागले. देवळात बसून पोथी वाचायची, ऐकणारे जे देतील त्यावर जगायचे. रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ होते.

मग दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. पोथी ऐकायला कोणाच्या पोटात बळ नव्हते. रमाबाईंनी या दिवसांविषयी नंतर लिहून ठेवले आहे. आपल्याला अंगमेहनतीचे काम येत नव्हते आणि जातीच्या अभिमानामुळे ते मागायलाही जीभ रेटत नव्हती, असा त्या लिखाणाचा आशय आहे. वाचक बंधूंनो, येथे जरा थांबा. दुष्काळ आपल्या वाडवडिलांनीही पाहिले. खडी फोडून, माती वाहून, मिळेल ते खाऊन जे जगले त्यांचे आपण वंशज. या घराला मात्र आपण कोण आहोत हे जगाला दाखवत राहायचे होते आणि ते दाखवता दाखवता वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आईच्या तिरडीला जातीचे चार खांदेकरी मिळाले नाहीत. रमाबाई उंचीने लहान, खांदा पुरेना, तेव्हा त्यांनी तिरडीचे टोक डोक्यावर घेतले. चारचौघांत उच्च म्हणून राहण्यासाठी माणसे काय काय सोसतात, त्याचा हा त्यांचा पहिला धडा होता.

उरले भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई. दोघे हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तेथे नवलच झाले. वीस वर्षांची अविवाहित मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे ऐकून पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता म्हटले, सरस्वती म्हटले. सभा झाल्या, हार घातले गेले. काल जिला उपाशी निजावे लागत होते तिला आज मोठमोठी घरे बोलावू लागली. हे प्रेम खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण त्या मंडळींना रमाबाईंमध्ये आपल्या प्राचीन वैभवाचा पुरावा दिसत होता. पूर्वी आमच्या स्त्रिया अशा विदुषी होत्या, हे सांगायला त्यांना एक जिवंत उदाहरण मिळाले होते. उदाहरणाने उदाहरणासारखे वागावे एवढीच अट होती.

रमाबाई तशा वागत्या तर जन्माची ददात मिटली असती. पण केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली आणि त्यांनी धर्मशास्त्रे स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला सुरुवात केली. त्यांना आढळले की एकमेकांशी हजार गोष्टींत भांडणारे हे ग्रंथ दोन बाबतींत एकमताने बोलतात. स्त्री, मग ती कोणत्याही जातीची असो, हीन आहे आणि शूद्र हीन आहे. दोघांनाही स्वतःच्या बळावर मोक्ष नाही. ही जोडी त्यांना त्या वयात दिसली, हे त्यांचे मोठेपण मी मानतो. पुष्कळ सुधारकांना आयुष्यभरात त्यातली एकच बाजू दिसली.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. मेधावी कायस्थ होते, म्हणजे ब्राह्मणांच्या लेखी शूद्र. ज्यांनी सरस्वती म्हणून हार घातले होते त्यांपैकी किती जणांनी आता पाठ फिरवली असेल, ते तुम्हांला सांगायला नको. दुसऱ्या वर्षी मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती.

तेवीस वर्षांची विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आली. पुण्यात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्या मंडळींनी तिला जवळ केले. १८८२ च्या जूनमध्ये आर्य महिला समाज निघाला, हंटर आयोगापुढे रमाबाईंची साक्ष झाली आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर व स्त्री शिक्षिका हव्यात हे त्यांनी तेथे ठासून सांगितले. त्याच वर्षी त्यांचे स्त्रीधर्मनीति हे पुस्तक निघाले. ते पुस्तक आज वाचले तर थोडे आश्चर्य वाटते. स्वतः एवढे धाडस केलेली बाई त्यात इतर बायकांना पातिव्रत्याचे आणि गृहकृत्यांचे पाठ देते, त्यांच्या अज्ञानाला नावे ठेवते. माझे मत असे की हे पुस्तक लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर पुण्यातली आश्रयदाती मंडळी होती. विधवा, परजातीत लग्न केलेली आणि पुन्हा सभेत बोलणारी अशा बाईला जपून लिहावेच लागत होते. त्याच पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी विलायतेच्या प्रवासाचा खर्च भागवला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर होण्याचा विचार होता, पण कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे तो सोडावा लागला. वाँटेज नावाच्या गावी ख्रिस्ती जोगिणींचा मठ होता, तेथे त्या उतरल्या. फुकट राहायचे नाही म्हणून मठातल्या बायकांना मराठी शिकवायचे आणि त्या बदल्यात इंग्रजी शिकायचे, असा करार त्यांनी आधीच केला होता. हा करार लक्षात ठेवा. ज्याच्या घरी आपण जेवतो त्याच्यापुढे मान ताठ ठेवायची असेल तर काहीतरी आपल्या हातचे द्यावे लागते, हे त्या पोथी सांगण्याच्या दिवसांपासून जाणत होत्या.

सोबत आनंदीबाई भगत नावाची एक महाराष्ट्रीय बाई होती. परक्या देशात, परक्या धर्माच्या घरात आपल्याला बाटवले जाईल या धास्तीने तिचे मन बिघडले आणि तिने तेथेच विष घेऊन जीव दिला. लोकांचे होऊन जाण्याची भीती माणसाला कोठवर नेते, हे रमाबाईंनी अगदी जवळून पाहिले. असे असूनही, २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

का घेतला? पुण्यात ओरड झाली की गोऱ्या बायांच्या उपकारांना भुलली. उपकार होते हे खरेच. पण त्यांनी स्वतः दिलेले कारण वेगळे आहे. लंडनजवळ फुलॅम येथे मठातल्या भगिनी समाजाने टाकलेल्या, वेश्या म्हणून हिणवलेल्या बायांना सांभाळत होत्या. अशा बाईला आपल्या शास्त्रांत काय शिक्षा सांगितली आहे हे रमाबाईंना पाठ होते. तिला हाताशी धरून पुन्हा उभे करणारे लोक त्यांनी पहिल्यांदाच पाहिले आणि असे वागायला ज्याने शिकवले त्याच्याकडे त्यांचे मन गेले.

पुण्यातले त्यांचे चाहते एका रात्रीत उलटले. शिव्याशापांच्या त्या गदारोळात उघडपणे त्यांची बाजू घेणारा माणूस एकच मोठा निघाला, तो म्हणजे महात्मा जोतीराव फुले. १८८५ साली त्यांनी सत्सार नावाच्या पुस्तिका काढल्या आणि शिकलेल्या ब्राह्मण बाईला आपल्या धर्मग्रंथांतला अन्याय दिसला म्हणून तिने तो धर्म सोडला, यात तिचे चुकले काय, असा सवाल केला. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नव्हते. रमाबाईंनी आपल्यासारखे व्हावे अशी अटही त्यांनी घातली नाही.

आता खरी गंमत पुढे आहे. बाप्तिस्मा घेतल्यावर मठातल्या मंडळींना वाटले की ही आता आपली झाली. आपली झाली म्हणजे आपल्यासारखी होईल. ज्या भगिनी जेराल्डिन यांना मनोरमा आजीबाई म्हणून हाक मारी, त्यांचे रमाबाईंवर मनापासून प्रेम होते. पण भांडणे सुरू झाली ती लहान लहान गोष्टींवरून. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाई म्हणाल्या की माझ्या देशातल्या माणसांना लॅटिन कळत नाही, अक्षरे घालायचीच तर संस्कृत घाला. जेवणात अंडी घातलेला गोड पदार्थ आला की त्या बाजूला सारीत. पोशाख आपलाच, पांढरी साडी. जेराल्डिन यांना यात जातीचा जुना ताठा दिसला.

अंड्याच्या बाबतीत रमाबाईंची बाजू घ्यायला मला थोडे जड जाते. ताटात काय आहे यावरून ज्यांना पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर बसवले, त्या आपल्यासारख्यांच्या कानांना शाकाहाराचा अभिमान खुपतोच. बाटल्यानंतरही आयुष्यभर त्या शाकाहारीच राहिल्या. त्यात थोडी जात शिल्लक नव्हती असे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण त्यांचा मुद्दा असा होता की मी श्रद्धा बदलली, ती मला पटली म्हणून. जेवण, कपडा, भाषा यांचा श्रद्धेशी संबंध नाही, मग ते इंग्रजांसारखे का करायचे? हा प्रश्न मात्र बिनतोड होता.

पुढे वाद मोठ्या गोष्टींवर गेला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः शिकत. तरुण पुरुषांना त्यांनी शिकवावे अशी सूचना आली तेव्हा बिशप मंडळींनी हरकत घेतली. हिंदुस्थानातल्या बायकांची लाज राखली पाहिजे, असे गोऱ्या धर्मगुरूंचे म्हणणे! जी बाई मुलगी असल्यापासून भरसभेत पुरुषांपुढे पुराण सांगत आली होती तिला हे ऐकून काय वाटले असेल? त्यांनी स्पष्ट कळवले की ते मला मान्य नाही. देव एकच असेल तर त्याची तीन रूपे कशी, हे मला समजावून द्या, नुसते म्हणायला सांगू नका, असाही त्यांचा हट्ट होता. मनोरमेला न समजणारी मते पाठ करायला लावू नयेत, असे त्यांनी लिहिले. आपल्या देशातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढले आहे, आता दुसरे तसलेच घालून घेणार नाही, हे त्यांच्या उत्तरांचे सार होते. ही पत्रे १९७७ साली महाराष्ट्रात ग्रंथरूपाने छापली गेली आहेत. इंग्रजी वाचता येणाऱ्या आपल्या तरुणांनी ती जरूर पाहावीत.

ध्यानात घ्या, त्या वेळी त्या परदेशात होत्या, हातात पैसा नव्हता, मुलगी लहान होती आणि मायदेशाने दार लावून घेतले होते. जवळचे म्हणावे असे एकच घर होते आणि त्याच घराशी त्या भांडत होत्या. उपकार मानीत होत्या, पत्रात प्रेमाने विचारपूस करीत होत्या आणि तरीही न पटलेल्या गोष्टीला होकार देत नव्हत्या.

येथे बाबासाहेबांची आठवण येणे साहजिक आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्यांना आपल्याकडे येण्याची आमंत्रणे दिली. सर्वांत मोठ्याने स्वागत कोण करतो हे पाहून जायचे असते तर एक वर्षही लागले नसते. १४ ऑक्टोबर १९५६ उजाडायला एकवीस वर्षे लागली.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तेथेच दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ साली त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक निघाले, ते हजारोंनी खपले. बोस्टनमध्ये त्यांच्या नावाची मंडळी स्थापन होऊन दहा वर्षे पैसे देण्याचे ठरले. शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, ही अट त्यांनी मान्य केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढल्या वर्षी ते पुण्याला आले. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर होते. म्हणजे उलटलेले पुणे पुन्हा जवळ आले होते.

आणि येथे रमाबाईंनी जी तडजोड केली ती आपण डोळ्यांआड करू नये. पुस्तकाचे नावच उच्चवर्णीय स्त्रीचे आहे. शारदा सदन मुख्यतः ब्राह्मण आणि वरच्या जातींच्या बालविधवांसाठी होते आणि सोवळेओवळे, जातीचे जेवणाचे नियम पाळायला तेथे मोकळीक होती. ज्या बाईने धर्मशास्त्रांत स्त्री आणि शूद्र यांना एकाच दाव्याला बांधलेले पाहिले होते तिच्या शाळेत शूद्राच्या मुलीला मात्र दार नव्हते. पालकांनी मुली पाठवाव्यात, पुढाऱ्यांनी पाठिंबा द्यावा यासाठी हे केले हे उघड आहे. केशवपन झालेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलींना या शाळेने पुन्हा माणसांत आणले, हेही तितकेच खरे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली याच शाळेतल्या विधवेशी लग्न केले.

तडजोड करूनही ती मंडळी टिकली नाहीत. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. केसरीने झोड उठवली. सल्लागारांनी सांगितले की दार लावून घ्या. रमाबाईंचे उत्तर असे की मी कोणाला बोलावीत नाही, पण आलेल्या मुलीला माझ्या खोलीतून हाकलणारही नाही. १८९३ साली रानडे, भांडारकर यांनी संबंध तोडला आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. रानडे, भांडारकरांना मी खलपुरुष मानत नाही. दुसऱ्यांच्या लेकी विश्वासाने ठेवलेल्या, त्यांची जबाबदारी होतीच. पण एवढे दिसते की सोवळ्याच्या स्वयंपाकघराने जे प्रेम विकत मिळाले होते, ते एका उघड्या दारापुढे टिकले नाही.

त्यानंतर रमाबाईंनी पुण्याच्या मनधरणीचा नाद सोडला असे दिसते. अमेरिकेतल्या पैशांतून केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली होती. फळबाग लावायची आणि शाळेला स्वतःचे उत्पन्न करायचे, असा बेत होता. तेव्हाचे केडगाव म्हणजे उजाड माळ. कालव्याचे पाणी आणि ऊस डोळ्यांसमोर आणू नका.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भयानक होता. रमाबाईंनी लहानपणीची उपासमार आठवली आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. रस्त्यात, देवळांच्या पायऱ्यांवर, दलालांच्या तावडीत सापडलेल्या मुली आणि विधवा त्यांनी शेकड्यांनी गोळा करून आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. शहरात एवढी माणसे ठेवू देईनात, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर राहुट्यांत उतरवले. प्लेगच्या सरकारी इस्पितळातल्या गैरव्यवस्थेविषयी त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिले तेव्हा गव्हर्नरसाहेबही नाराज झाले. एकही सत्ताधारी घर त्यांनी खूश ठेवले नाही! १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आता येणाऱ्या मुलीची जात विचारायची सोय नव्हती. पोट खपाटीला गेलेली, अंगावर चिंधी, डोक्यात उवा. सगळ्या जातींच्या मुली एका माळावर, एका विहिरीच्या पाण्यावर राहिल्या. शारदा सदनाच्या वेळी मोठमोठ्या पंडितांच्या संगतीत जे जमले नाही ते दुष्काळाने करून दाखवले. तेथे मुली वाचायला शिकल्या, विणायला, तेल गाळायला, शेती करायला आणि छापखाना चालवायला शिकल्या. आंधळ्या मुलींसाठी वर्ग निघाला. फुलॅमला पाहिले होते तसे टाकलेल्या बायांसाठी कृपा सदन निघाले.

या मुली ख्रिस्तीही झाल्या, शेकड्यांनी झाल्या. १९०५ साली तेथे भक्तीची मोठी लाट आली, त्याची वर्णने परदेशांत छापून गेली. येथे मला रमाबाईंना एक प्रश्न विचारावासा वाटतो. उपाशी मुलीला ज्या हाताने पहिला घास दिला त्या हाताचे सगळेच तिला खरे वाटते. वाँटेजला तुम्ही पाहुण्या होता, तेव्हा न पटलेल्या गोष्टीला नाही म्हणण्याचा हक्क तुम्ही मागितला. केडगावला तुम्ही यजमान झालात. मग एखाद्या बारा वर्षांच्या मुलीला, बाई, मला हे अजून पटत नाही, असे म्हणता येत होते का? प्रार्थनेला बसली नाही म्हणून तिची भाकर कोणी काढून घेतली असती असे मला वाटत नाही. पण तिला स्वतःला तशी धास्ती वाटली नसेल, असेही मी म्हणू शकत नाही. एवढे मात्र त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे की त्यांनी मुलींच्या हाती अक्षर आणि धंदा दिला. कित्येक जणी शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. वाचता येणारी आणि कमावणारी बाई आज ना उद्या स्वतःपुरता विचार करू शकते.

हा प्रश्न केडगावपुरता नाही, म्हणून जरा लांबवला. आपल्या घरात नवी सून येते. तिच्या माहेरी अजून जेजुरीची वारी चालू असते. ट्रंकेच्या तळाशी आईने दिलेला खंडोबाचा टाक असतो. सासऱ्यांनी आपल्याला चांगली म्हणावे म्हणून ती रोज संध्याकाळी त्रिशरण-पंचशील म्हणते आणि त्या टाकाचे नाव काढत नाही. आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो की सून आठ दिवसांत बौद्ध झाली. ती खरेच झाली की आपल्या मायेसाठी गप्प बसली, हे आपण कधी तिच्याजवळ बसून विचारले आहे का? तिने प्रश्न केले तर आपण उत्तरे देतो, की जेराल्डिनबाईंसारखे तिच्यात जुना ताठा शोधतो? कालाम लोकांना तथागतांनी काय शिकवले ते आपण सभेत अभिमानाने सांगतो. ते आपल्या स्वयंपाकघरालाही लागू आहे.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांविषयी थोडे सांगतो. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. महाराष्ट्राच्या सुशिक्षित वर्गाने तोवर त्यांचे नाव जवळजवळ टाकून दिले होते. त्या मात्र एका कामात गढून गेल्या होत्या. बायबलाचे जे मराठी भाषांतर त्या वेळी प्रचारात होते ते संस्कृत शब्दांनी भरलेले आहे आणि माझ्या मुलींना ते कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून एकट्याने नवे भाषांतर करायला बसल्या. सुमारे अठरा वर्षे ते काम चालले. शेतावरच्या बाईला, दळण दळणाऱ्या बाईला समजेल तोच शब्द घ्यायचा, जड संस्कृत शब्द काढायचा, असा त्यांचा नेम होता.

त्यांच्या मताशी आपण सहमत असण्याचे कारण नाही. आपला मार्ग वेगळा आहे. पण हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहा. ज्या संस्कृतसाठी कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना सरस्वती म्हटले, जिच्यासाठी त्या क्रुसावरच्या अक्षरांवरून इंग्रज बायांशी भांडल्या, तेच संस्कृत त्या एकेका ओळीतून वेचून बाहेर टाकीत होत्या. या वेळी समोर कोणी पंडित नव्हता, बिशप नव्हता, वर्गणीदार नव्हता. दुष्काळातून आलेल्या, उशिरा अक्षर ओळख झालेल्या बायका होत्या. त्यांना कळावे म्हणून रमाबाई बदलत होत्या आणि हा बदल त्यांच्याकडे कोणी मागितला नव्हता.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती. आईनंतर संस्था तीच सांभाळणार असे सर्वांनी धरले होते. त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावलाच वारल्या. भाषांतराचे काम तोवर हातावेगळे झाले होते. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्याचे खिळे केडगावच्या छापखान्यात तेथल्याच बायकांनी जुळवले होते.